वजा करून उरलेला ठिपका

माजघराची भिंत आत झुकली तेव्हा माझी सून कॉम्प्युटर पोटाशी धरून जात्याशेजारी बसली होती, आणि मी तिला ओरडून सांगत होते, "टाक ते खाली, डोक्यावर पाट घे!" तिला ऐकू जात नव्हतं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. वरची कौलं गेली होती. उघडे वासे दिसत होते आणि वाशांच्या वर काहीतरी पांढुरकं गरगरत होतं, त्याला आभाळ म्हणायचं की समुद्र, सांगता आलं नसतं. पाऊस आडवा येत होता आणि तोंडात खारट लागत होता. माझे दीर, वसंत भावजी, पुढच्या दाराला पाठ लावून उभे होते. दार हादरायचं तसे तेही हादरायचे. मग मागच्या पडवीवर माड पडला. पडल्याचा आवाज वेगळा असा आलाच नाही, एवढा आवाज आधीच भरलेला होता. पायाखालची जमीन हलली आणि चुलीतली राख सगळ्या घरात उडाली.

त्या पडवीत थोड्याच वेळापूर्वी सायली, म्हणजे माझी सून, बसलेली होती. मोबाइलला रेंज तिथेच मिळायची म्हणून ती सकाळपासून तिथे ठाण मांडून असायची. रेंज गेली म्हणून वैतागून आत आली. पडवीत तिचा पाट होता, त्याचे दोन तुकडे नंतर माडाखाली सापडले.

आता पुन्हा आगोट जवळ आली आहे. पावसाआधीची सगळी जमवाजमव, तिला आम्ही आगोट म्हणतो. लाकडं फोडून पडवीत रचायची, सुकट उन्हात घालायची, चिंचेचे गोळे मीठ लावून बरणीत भरायचे. दुपारी घरात सुकटीचा आणि नव्या मिठाचा वास कोंडतो. वारा जमिनीवरून यायचा थांबतो आणि समुद्राकडून यायला लागतो. तो पहिल्यांदा गालाला लागला की मी हातातलं काम ठेवून वर बघते. गावातल्या सगळ्याच बायका बघतात. पूर्वी नव्हतो बघत.

आणखी एक फरक झाला. पूर्वी या दिवसांत माडाच्या झावळ्यांची झापं विणायचो आणि पावसाची झड लागते त्या भिंतींना बांधायचो. बोटांना चिरा पडायच्या, पण ओल्या झावळीचा वास मला आवडायचा. आता झावळ्या कुठून आणायच्या? निळं प्लॅस्टिक आणतो आणि बांधतो. काम होतं. वास येत नाही.

वादळाच्या वर्षी साथीमुळे सगळीकडे सगळं बंद होतं, म्हणून सायली पुण्याहून इथे आली होती. माझा मुलगा मंगेश रोह्याला कारखान्यात, त्याचं काम चालू होतं, तो तिकडेच अडकला. त्यामुळे दिवेआगरच्या पुढच्या या वाडीत सासू आणि सून अशा दोघीच. शेजारच्या घरात वसंत भावजी एकटे. जेवायला आमच्याकडे.

सायलीचं काम काय, ते मला लग्नानंतर बराच काळ कळलं नव्हतं. ती आभाळ बघते म्हणून सोयरिकीच्या वेळी सांगितलं होतं. मला वाटलं पत्रिका बघते. इथे आल्यावर पाहिलं तर ती आभाळाकडे मान वर करून बघतसुद्धा नव्हती. दुर्बीण पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला. तिथली रात्र म्हणजे आपला दिवस. दुर्बीण फोटो काढते आणि ते हिच्या कॉम्प्युटरवर येतात. ही तांदूळ निवडल्यासारखी ते निवडत बसते.

एकदा मी विचारलं, "ह्यात तू शोधतेस तरी काय गो?"

"मरणारे तारे," म्हणाली.

मी म्हटलं, बरं धंदा निवडलास.

मग तिनं समजावून सांगितलं, आणि सांगायची तिला चांगली हातोटी आहे. आभाळातल्या एकाच जागेचा जुना फोटो घ्यायचा आणि कालचा घ्यायचा. कालच्यातून जुना वजा करायचा. जे तारे दोन्हीत आहेत ते जातात. उरलं तर एखादा ठिपका उरतो. वजाबाकी मला येते, चौथीपर्यंत तेवढं चोख शिकवलं होतं. पण बहुतेक उरतो तो कचराच, असं ती म्हणाली. कॅमेऱ्यातला दोष असतो, नाहीतर कोणाचं तरी यान जाता जाता चमकलेलं असतं. हजार ठिपके बघावेत तेव्हा एखादा खरा. खरा म्हणजे लांबच्या एखाद्या तारकांच्या पुंजक्यात एक तारा फुटतो आणि काही दिवस त्या सगळ्या पुंजक्याएवढा उजेड पाडतो. मग विझत जातो.

"तो फुटला हे कळलं की झालं ना?" मी विचारलं.

"नाही आई. कशानं फुटला ते कळायला हवं. नुसत्या फोटोवरून नाही कळत. त्याचा उजेड फोडून बघावा लागतो, इंद्रधनुष्यासारखा उलगडून. त्याला वर्णपट म्हणतात. त्यात कुठे काळ्या खाचा आहेत त्यावरून आत काय होतं ते समजतं, आणि त्यावरून तो कोणत्या जातीचा."

हे मला लगेच पटलं. आमच्याकडेही कोणी गेलं म्हटलं की दारात उभी राहिलेली बाई पहिलं तेच विचारते, कशानं गेला? ते कळेपर्यंत ती चहासुद्धा घेत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी एक फजिती झाली होती. सायलीनं पुण्याहून फोन केला, आई, मला ठिपका सापडला, बहुतेक खरा आहे. बहुतेक हा शब्द मी ऐकला नाही. घरचे नारळ फोडले, वड्या थापल्या आणि गावभर वाटल्या. सुनेला तारा सापडला म्हणून सांगितलं. वड्या खाऊन झाल्या, हात चाटून झाले आणि मग सायलीचा फोन आला की तो तारा नव्हताच, मधूनच जाणारा एक दगड होता. आभाळात असे दगड फिरत असतात म्हणे, जागा बदलतात. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत तो सरकलेला दिसला.

गावाला काय, तेवढंच पुरतं. विहिरीवर शेजारची यमुना विचारायची, "काय गो, तुझ्या सुनेचा धोंडा कुठवर आला? आमच्या कौलांवर न्हाय ना पडायचा?" मी म्हणायचे, "पडला तर तुझ्या जिभेवर पडू दे." पण मला ते लागलं होतं. सायलीला जास्त लागलं होतं. ती हसायची, पण त्यानंतर तिनं ठिपक्यांबद्दल घरात काही सांगणं बंद केलं.

म्हणून वादळाच्या सकाळी ती पडवीतून धावत चुलीपाशी आली आणि म्हणाली, "आई, आज एक आहे," तेव्हा मी समजले, हे वेगळं आहे. वारा तेव्हाच सुटला होता. सुपाऱ्या वाकून एकमेकींना लागत होत्या. तिनं फोटो दाखवला. धुरकट पुंजका आणि त्याच्या कडेला एक ठिपका, मोहरीएवढा. मी विचारलं, "दगड न्हाय ना?" ती म्हणाली, "दोन रात्री तिथेच आहे, सरकला नाही." तिनं सापडल्याची नोंद जगाच्या यादीत टाकली. आता तिच्या पुण्याच्या मॅडमना सांगून मोठ्या दुर्बिणीवर वर्णपट काढवायचा होता. तो निरोप ती लिहीत होती आणि रेंज गेली.

घाई का होती, तेही सांगते. तो पुंजका पश्चिमेला होता आणि रोज संध्याकाळी सूर्याच्या जवळ सरकत होता. थोड्याच दिवसांत तो सूर्याच्या उजेडात बुडणार आणि पुढे कितीतरी महिने दिसणार नाही. तोपर्यंत तारा विझलेला. शिवाय असा कोवळा, नुकता फुटलेला तारा हाती लागणं दुर्मीळ. नोंद गेली होती खरी, पण अशा नोंदी ढिगानं पडतात आणि बऱ्याचशा कोणी तपासतही नाही. वर्णपट निघाला नाही, तर तो नुसताच ठिपका राहणार होता. सायलीसुद्धा मग धोंडेवालीच राहणार होती.

वारा पडला तो संध्याकाळच्या सुमारास. बाहेर आलो तर माझ्या घराचं तोंड कोणत्या दिशेला आहे तेच मला कळेना. घरातून समुद्र कधी दिसलेला नव्हता. सासूबाई म्हणायच्या, वाडीतल्या बाईकडे ऊन आणि समुद्र दोघांनाही विचारून यावं लागतं, एवढी झाडी दाट. आता समुद्र सरळ समोर होता, मळकट, काही झालंच नाही असा. सुपाऱ्या मधोमध मोडल्या होत्या, माड मुळांसकट उलटे झाले होते. उपटलेल्या मुळांच्या खड्ड्यांत पाणी साचत होतं आणि बेडूक ओरडायला लागले होते. जायफळाच्या झाडांचा मोडल्यावर वास सुटतो, गोड आणि कडू. तो वास सगळ्या गावावर पसरला होता. मला आजही तो वास सहन होत नाही. मसाल्यात मी जायफळ घालत नाही.

वसंत भावजी वाडीत फिरून आले आणि ओट्यावर बसले. त्यांचं सगळं आयुष्य झाडांवर गेलेलं. सुपारी काढताना एका झाडावरून झोका घेऊन दुसऱ्या झाडावर जायचे, खाली उतरायचेच नाहीत. सत्तरीतही चढत होते. ते तिथेच बसून राहिले. चहा दिला तो निवला.

वीज गेली ती गेलीच. मोबाइलचा टॉवर आडवा. रस्त्यावर झाडं. यमुनेच्या मुलाच्या रिक्षाच्या बॅटरीवर मोबाइल तेवढा चार्ज होत होता. सायली आमच्याबरोबर कौलाचे तुकडे उचलायची, चिखल काढायची, ताऱ्याचं नाव काढायची नाही. माझी वाडी गेली असताना स्वतःच्या ठिपक्याचं काय बोलायचं, असं तिला वाटत असणार. मीच विचारलं, "अजून दिसतो का गो तो?" तिनं हो म्हणून मान हलवली आणि पश्चिमेकडे बघितलं. तिकडे तर नुसते ढग होते.

भावजींनी ते ऐकलं. म्हणाले, "डोंगरापल्याडचा टॉवर उभा हाय म्हणतात. रेंज खाली न्हाय लागत. वर लागंल."

"वर कुठं?"

त्यांनी विहिरीकाठच्या माडाकडे बोट दाखवलं. आमच्या वाडीत तेवढा एकच उंच माड उभा होता. वाऱ्यानं त्याच्या झावळ्या सोलून नेल्या होत्या, शेंड्याला थोडी जुडी उरली होती.

मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर हाय ना, भावजी? मुळं ढिली झालीत सगळ्यांची. मेलेल्या ताऱ्यापायी जिता माणूस घालवू?"

सायलीही म्हणाली, "काका, नको. खरंच नको. दुसरा सापडेल कधीतरी."

"तुला दुसरा सापडंल," भावजी म्हणाले, "मला चढायला दुसरा माड कुठं हाय?"

मी उठून काथ्याचा दोर आणून दिला.

माझं काम मी केलं. माडाच्या बुंध्याला पाठ लावून खाली बसले. माड मुळातून हलणार असेल तर वरच्याला कळायच्या आधी खालच्याच्या पाठीला कळतं. माझे मालक, मंगेशचे वडील, हयात असताना ते चढले की मी अशीच बसायची. भावजी पायाला फास घालून वर गेले, मधे मधे थांबत. खिशात मोबाइल, त्यात सायलीनं निरोप लिहून ठेवलेला. रेंज मिळाली की तो आपोआप जातो.

वरून हाक आली. "गेला काय?"

"काका, तिथे बघा ना! घड्याळाची खूण आहे की बरोबरची?"

"चष्मा वादळात गेला माझा! मला कुठली खूण दिसते?"

खाली उतरले. घड्याळाची खूण तशीच. निरोप खिशातच बसून होता.

मला वाटलं, झालं, आता गप्प बसतील. ते घरात गेले आणि झेला घेऊन आले. झेला म्हणजे आंबे उतरवायची लांब काठी, टोकाला जाळी असते. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यांनी जाळीत ठेवला आणि वरून बांधला. "आंबे खाली आणतात याच्यानं, आज वर धाडू," म्हणाले. सायली रडत होती की हसत होती, ते मी नीट बघितलं नाही, माझी पाठ बुंध्याला होती.

वर पोहोचल्यावर त्यांनी दोर माडाभोवती घेतला, झेला शेंड्याच्याही वर उंच केला आणि धरून राहिले. वारा अजून होता. माड डुलत होता आणि त्याचं डुलणं माझ्या पाठीत उतरत होतं. कितीदा तरी वाटलं की मुळं बोलली. एवढ्यात कुंपणापाशी माणसं जमली. यमुना ओरडली, "अगो, म्हातारा काय करतोय त्या माडावर?"

"तारा लावतोय," मी म्हटलं. ती गप्प झाली. माझ्या आठवणीत तेवढी एकदाच झाली.

ते उतरले तेव्हा त्यांच्या छातीला आणि पोटऱ्यांना सालपटलं होतं. सायलीनं पिशवी सोडली, मोबाइल बघितला आणि ती तिथेच चिखलात बसली. बरोबरची खूण होती.

पुढे नुसतं थांबायचं होतं. लोकांनी मिळून रस्त्यावरची झाडं कापली. मंगेश रोह्याहून आला, आल्या आल्या घराकडे बघून तोंड फिरवून उभा राहिला. मी त्याला ताडपत्री बांधायला लावलं. दुसऱ्या दिवशी सायलीला घेऊन तो रेंज होती तिथवर गेला. परत आली तेव्हा तिच्या कॉम्प्युटरमध्ये वर्णपट होता. मॅडमना निरोप मिळाला होता, त्यांनी कुठल्या तरी लांबच्या देशातल्या मोठ्या दुर्बिणीला गळ घालून तो काढवून घेतला होता. वर लिहिलं होतं, ठिपका तुझा आहे, जात तूच ठरव.

आडव्या पडलेल्या माडाच्या खोडावर आम्ही बसलो, वर ताडपत्री. पाऊस तिच्यावर ताशासारखा वाजत होता. मला वाटलं होतं रंगीत इंद्रधनुष्य असेल. नुसती वाकडीतिकडी रेघ होती, डोंगराच्या कडेसारखी. सायलीकडे आधीच्या ओळखीच्या मेलेल्या ताऱ्यांच्या रेघा होत्या. एकेक रेघ ती आमच्या रेघेखाली सरकवून बघत होती. जुळत नाही. जुळत नाही. कपड्याला ठिगळ शोधावं तसं. एका रेघेशी खाच खाचेला लागली आणि उंचवटा उंचवट्याला.

"कशानं गेला?" भावजींनी विचारलं.

तिनं पुन्हा पहिल्यापासून तपासलं. मग म्हणाली, "वजनानं. हा बघा हायड्रोजन. हायड्रोजन आहे म्हणजे दोन नंबरच्या जातीचा. खूप मोठा तारा होता, त्याचं आतलं जळण संपलं, स्वतःचं वजन पेलेना आणि आत कोसळला. खाच एवढी रुंद आहे, म्हणजे बाहेरचं सगळं भयंकर वेगानं उडतंय. आपण फार लवकर पकडला त्याला."

"कधी झालं हे?"

"उजेड इथे पोचायलाच काही कोटी वर्षं लागली, काका. तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता."

भावजींनी तिच्याकडे बघितलं, मग विहिरीकाठच्या माडाकडे. "एवढ्या वर्षांपूर्वी मेला? आनि मी त्याच्यापायी ओल्या माडावर घाई करत होतो?"

त्या दिवसांत आम्ही पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. मंगेशसुद्धा हसला.

लोक मला म्हणतात, वाडी पडली आणि तिकडे तारा पडला, कसा योग बघा. योगबिग काही नाही. ताऱ्याला कोणी कळशीनं पाणी घातलेलं नव्हतं. माझ्या सुपाऱ्यांना मी घातलं होतं, लग्न होऊन आले त्या दिवसापासून. दोन्ही एका पारड्यात घालू नयेत. आणि काही लोक विचारतात, असले तारे शोधून उपयोग काय? त्यांना मी विचारते, सुपारी खाऊन कोणाचं पोट भरलंय? तिच्यावर आमच्या पिढ्या जगल्या की नाही?

ताऱ्याला सायलीचं नाव नाही दिलं. साल आणि काही इंग्रजी अक्षरं, एवढंच. भावजींना वाईट वाटलं, त्यांना वाटत होतं सासूबाईंचं नाव देता येईल. पण तो कोणी शोधला आणि कोणत्या जातीचा हे कोणी ठरवलं, त्या दोन्ही ठिकाणी एकच नाव आहे आणि त्यापुढे माझ्या सासरचं आडनाव आहे. मंगेशनं ते मला दाखवलं. इंग्रजी मला येत नाही, पण ते आडनाव मी आता ओळखते. रेशनच्या दुकानात आमचं आडनाव नेहमी चुकीचं लिहितात. तिथे, सगळ्या जगासमोर, ते बरोबर लिहिलंय. मला याचा गर्व आहे. असू दे.

सायलीनं त्यानंतर आणखी तारे शोधले. आता ती पोरांना शिकवतेसुद्धा. तिनं फोन केला की मी आधी विचारते, वर्णपट आला का? आला नसेल तर नारळ फोडत नाही. गावालाही आता ते माहीत झालंय. यमुना विहिरीवर विचारते, "काय गो, उजेड फोडला का? वड्या कधी?" धोंडा हा शब्द तिनं पुन्हा काढला नाही.

नवे माड लावलेत. बायकांनी हात वर केला तर पोचेल एवढ्या उंचीचे झालेत. त्यांच्यावर चढायला मला कोण मिळणार, माहीत नाही. वसंत भावजी पुढे एका उन्हाळ्यात गेले, म्हातारपणानं, अंथरुणात, दुपारच्या झोपेत. लोक आले आणि कशानं गेले म्हणून विचारलं. मी तेच सांगितलं. वादळाचं नाव त्यात घेऊ दिलं नाही, कारण वादळानं त्यांचं काही वाकडं केलं नव्हतं.

वादळाच्या त्या दुपारी आमच्या माजघरात तिघं होतो, मी, माझी सून सायली आणि माझा दीर वसंत. तिघंही जगलो.